पाऊस दरवर्षी पडतो, मग पाणी कसं संपेल?

‘वीज तयार करावी लागते, कोळसा संपणारा आहे, पाणी मात्र आभाळातून येतं, दरवर्षी येतं.’ चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांकडून हे इतक्यांदा ऐकायला मिळतं की आता चीड येते. रिकाम्या खोलीतला दिवा आपण उठून बंद करतो, फ्रिज घेताना त्यावरचे तारे बघतो, बिलातले युनिट वाचतो. पाण्याबद्दल हे भान नाही, कारण ते आपोआप भरून येतं अशी खात्री आहे. पाऊस पुन्हा येतो हे खरंच. पण आपण किती उपसलं ते पाहून तो पडत नाही. मराठवाड्यात वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस होतो. उसाला एका हंगामात सुमारे दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं. मधली तूट धरणातून नाहीतर बोअरमधून भरली जाते. राज्यातल्या पिकांखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास, पण सिंचनाचं जवळपास सत्तर टक्के पाणी त्याला जातं. हे आंदोलकांचं म्हणणं नाही. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात ते नोंदवलं आहे.

विजेची टंचाई आणि पाण्याची टंचाई एकाच जातीची नाही, हा यातला खरा मुद्दा. कोळसा कमी पडला तर सूर्य आहे, वारा आहे, आणि चंद्रपूरची वीज तारेवरून मुंबईला जाते. पाण्याला पर्याय नाही, आणि ते जड आहे: हजार लिटर म्हणजे एक टन. 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पन्नास वाघिणींच्या एका फेरीत सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी यायचं. शहराची वस्ती चार लाखांच्या घरात, म्हणजे माणशी जेमतेम सहा लिटर. आता शेताचा हिशेब करा. एका एकरावर दोन हजार मिलिमीटर पाणी म्हणजे ऐंशी लाख लिटर. त्यातला पावसाचा वाटा वजा केला, तरी एका एकर उसाची उरलेली तहान अशा गाडीच्या दोन फेऱ्यांनी भागत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: वीज मुबलक झाली की समुद्राचं पाणी गोडं करू. पिण्यासाठी ते जमतं, अनेक देश करतात. पण खारं पाणी गोडं करायला हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज लागते. म्हणजे त्याच एकराला चोवीस हजारांहून जास्त युनिट, आणि ते पाणी घाट चढवून आणण्याची वीज वेगळी. उलट बाजूने पाहिलं तर विजेलाच पाणी लागतं. 2013 साली पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. म्हणजे ज्या विजेची आपण काळजी करतो, तिचीही सुरुवात धरणातल्या साठ्यापासून होते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘जलविद्युतीत पाणी खर्च होत नाही’: टर्बाइनमध्ये होत नाही, पण कोयनेतून वीजनिर्मितीसाठी सोडलेलं बहुतेक पाणी सह्याद्री ओलांडून वाशिष्ठीत उतरतं आणि कृष्णा खोरं त्याला मुकतं. ‘बोअर खोल नेली की पाणी लागतंच’: राज्याचा बहुतांश भाग बेसाल्टवर आहे, पाणी फक्त खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं, खाली बऱ्याचदा नुसता कोरडा पाषाण लागतो. ‘दात घासताना नळ बंद ठेवला की प्रश्न सुटतो’: सवय चांगली, जरूर ठेवा, पण देशात उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी सुमारे 87 टक्के शेतीला जातं.

म्हणून मागणी योग्य जागी करायला हवी. घरातल्या विजेचा प्रत्येक युनिट मोजला जातो. कालव्याच्या पाण्याची आकारणी मात्र बऱ्याच ठिकाणी अजून पीक आणि क्षेत्र पाहून होते, आणि शेतातल्या बहुतेक बोअरवर मीटरच नाही. तुमच्या तालुक्यात कुठल्या पिकाला किती पाणी दिलं जातं, हा आकडा पाटबंधारे विभागाकडे मागा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.