फटकळ शेजार आणि अर्थशास्त्र

कोल्हापूरकराच्या बोलण्यातील रांगडेपणा सर्वश्रुत आहे. बाहेरच्या माणसाला त्यात भांडणच ऐकू येते. वस्तुतः पेठेतील एखादा वृद्ध वस्ताद शेजारच्या कारकुनाच्या मुलाला चारचौघांत "हाडं मोजाय येत्यात की लेका तुझी! उद्यापास्नं तालमीत ये" असे सुनावतो, तेव्हा तो त्या मुलाची जबाबदारी पत्करीत असतो. पुढे तोच मुलगा पदवीधर होऊन वस्तादांचे बँकेचे कागद भरून देतो. वयात चाळीस वर्षांचे अंतर, शिक्षणात त्याहून अधिक. तरीही या संबंधाला स्नेह हाच शब्द लावावा लागतो. गोड भाषा मात्र त्यात शेवटपर्यंत येत नाही.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात का पडावे? कारण आता आमच्या शास्त्रानेच त्याची दखल घेतली आहे. राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सात कोटींहून अधिक फेसबुक वापरकर्त्यांच्या मैत्रीसंबंधांचा अभ्यास २०२२ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. गरीब घरातील मुले पुढे किती वर येतात याच्याशी ज्या घटकांचा निकटचा संबंध आढळला, त्यांत सुस्थित लोकांशी असलेली मैत्री अग्रभागी होती. अशी मैत्री न होण्याचे साधारण निम्मे कारण, दोन्ही वर्ग एकमेकांना भेटतच नाहीत, हे होते. उरलेले निम्मे, भेटूनही मैत्री करीत नाहीत, हे.

पहिले निम्मे कारण आपण स्वतःच्या हातांनी बांधीत आहोत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने वाडे दुरुस्तीवाचून खचले, असे आम्ही वर्गात शिकवितो आणि ते खोटे नाही. परंतु त्याच कायद्याने मास्तर, गवंडी आणि हमाल यांना एका चौकात, एका नळावर टिकविले, ही जमेची बाजू आमच्या आलेखांत कधी आली नाही. आज त्याच जागेवर सदनिका उभ्या राहतात आणि चौरस फुटाचा दर माणसांची निवड करतो. तेथे तक्रार सेक्रेटरीकडे लेखी जाते. तोंडावर सुनावणारे कोणी उरत नाही.

जुन्या वाड्याचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. उत्पन्नाला उघडे असलेले ते दार जातीला बहुधा बंदच होते. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात काढलेल्या हॉटेलात शाहू महाराजांना स्वतः जाऊन चहा घ्यावा लागला, तो याचसाठी. भेटीची जागा आपोआप तयार होत नाही, कोणाला तरी ती मुद्दाम करावी लागते, हे त्या राजाने ओळखले होते.

महापालिकेने नव्या बांधकामांना परवानगी देताना वाहनतळाचा आग्रह धरावा, हे योग्यच. त्याबरोबर रस्त्याकडे तोंड असलेला एक कट्टा आणि वृत्तपत्रे ठेवलेली एक खोली यांचाही धरावा. आणि पेठांतील ज्या तालमींचे छप्पर गळते, त्यांच्या दुरुस्तीची तरतूद क्रीडा या शीर्षाखाली न मिळाल्यास शिक्षणाच्या खात्यातून व्हावी.