जादा गुणसूत्रं म्हणजे जादा ताकद नव्हे

‘द एक्स-फाइल्स’ या अमेरिकी मालिकेचा ‘ईव्ह’ हा भाग १९९३ सालचा. आजही त्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "गोष्ट रचलेली आहे, पण त्यातलं विज्ञान खरं आहे." नेमकं तेच खरं नाही.

शीतयुद्धाच्या काळात, १९५०च्या दशकात, अमेरिकी सरकारने महासैनिक घडवण्याचा गुप्त घाट घातला, अशी ही कल्पना. त्यातल्या मुलांना ॲडम म्हणायचं, मुलींना ईव्ह. अंधाऱ्या कोठडीत डांबलेली ‘ईव्ह ६’ मालिकेतल्या मल्डर आणि स्कली या तपास अधिकाऱ्यांना हिशेब सांगते : तुमची गुणसूत्रं ४६, आमची ५६. चौथ्या, पाचव्या, बाराव्या, सोळाव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राची एकेक जोडी जादा, म्हणून ताकद जादा, बुद्धी जादा. त्यात माथेफिरूपणाचीही भर पडते. एवढं ऐकलं की प्रेक्षकाच्या डोक्यात पक्कं बसतं, गुणसूत्रं वाढली की माणूस वरचढ होतो.

अहो, बटाट्याची गुणसूत्रं ४८ आणि कुत्र्याची ७८! या आकड्याचा बुद्धीशी काडीचा संबंध नाही. माणसाची ४६ असतात, हेसुद्धा १९५६ साली पक्कं झालं. तोवर पाठ्यपुस्तकांत ४८ छापत. स्वीडनमधल्या लुंड इथे ज्यो हिन त्जियो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी गर्भाच्या फुप्फुसातल्या पेशी विरळ द्रावणात ठेवून फुगवल्या. एकमेकांत गुंतलेली गुणसूत्रं सुटी झाली, तेव्हा कुठे ती नीट मोजता आली. मालिकेतले शास्त्रज्ञ ज्या दशकात पाच जोड्या निवडून जोडतात, त्या दशकात खऱ्या प्रयोगशाळेत मोजणीच चालली होती.

जादा गुणसूत्र आलं की त्यावरची शेकडो जनुकं एकदम जास्त प्रमाणात काम करू लागतात आणि गर्भाच्या वाढीचा तोल बिघडतो. ईव्हच्या यादीतलं सोळावंच घ्या. सुरुवातीच्या महिन्यांत आपोआप होणाऱ्या गर्भपातांत एखाद्या गुणसूत्राची तिसरी प्रत सापडते, तेव्हा ते सोळावं असण्याचं प्रमाण सर्वाधिक आहे. सगळ्या पेशींत ती प्रत असेल तर गर्भ तगत नाही. एकविसावं गुणसूत्र आकाराने सर्वांत लहान, त्यावर जनुकंही कमी. म्हणून त्याची तिसरी प्रत घेऊन मूल जन्माला येतं, वाढतं, शाळेत जातं. तो डाऊन सिंड्रोम.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ईव्हसारखे क्लोन म्हणजे दोन शरीरांत एकच मन, असं नसतं. सारख्या जुळ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा वेगळे असतात. जनुकं बदललेली मुलं फक्त पडद्यावर दिसतात, हेही चूक. चीनमध्ये शास्त्रज्ञ हे जियानकुई यांनी २०१८ साली भ्रूणांची जनुकं बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं. त्यांना तीन वर्षांचा तुरुंगवास झाला.

माझा खरा संताप आहे तो जादा गुणसूत्र म्हणजे ‘हिंसाही जादा’ या समजावर, कारण तो पटकथेत जन्मलेला नाही. १९६५ साली ‘नेचर’मध्ये पॅट्रिशिया जेकब्ज आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. स्कॉटलंडमधल्या एका बंदिस्त रुग्णालयातले १९७ पुरुष तपासले, त्यांतल्या सात जणांत एक वाय गुणसूत्र जादा सापडलं. वर्तमानपत्रांनी त्याचं ‘गुन्हेगारी गुणसूत्र’ करून टाकलं. शिकागोत आठ परिचारिकांचा खून करणाऱ्या रिचर्ड स्पेकलाही ते चिकटवलं. प्रत्यक्ष तपासणीत त्याची गुणसूत्रं साधी ४६च निघाली, पण अफवा टिकली.

गुणसूत्र शोधायचं कुलूपबंद लोकांतच, आणि मग म्हणायचं की ते कुलूपबंद लोकांत सापडतं! कोपनहेगनमध्ये बाहेरच्या, सर्वसामान्य लोकांतल्या उंच पुरुषांपैकी ४,१३९ जण तपासले, तेव्हा जादा वायवाले फक्त १२ निघाले. त्यांच्या नावावर गुन्हे तुलनेने जास्त होते, पण बहुतेक किरकोळ. हिंसक वृत्तीचा पुरावा मिळाला नाही. हा निष्कर्ष १९७६ साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. तोवर बॉस्टनमध्ये नवजात मुलग्यांची अशी तपासणी करून त्यांच्यावर पुढे नजर ठेवण्याचा प्रकल्प काही वर्षं चालला होता. पोराला जन्मतःच शिक्का मारला तर घरचे त्याच्याशी कसे वागतील, असं जनुकशास्त्रज्ञ जोनाथन बेकविथ आणि इतरांनी विचारलं. शेवटी १९७५ साली तिथली नव्या बाळांची तपासणी बंद झाली.

हजार मुलग्यांमागे साधारण एकात हे जादा वाय असतं आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही. मुलगा उशिरा बोलतोय म्हणून तपासणी केली आणि अहवालात हे निघालं, तर आईवडिलांनी घाबरून जाऊ नये. तो बहुधा उंच होईल. बोलायला, वाचायला थोडी मदत लागू शकते. वाचा-उपचार वेळेवर सुरू केले तर फायदा होतो.