विभावरी शिरूरकर

चाकणहून शिक्रापूरमार्गे पूर्वेकडे गेले, की घोडनदीच्या काठी वसलेले शिरूर हे गाव लागते. मराठी साहित्यात ह्या गावाचे नाव एका थोर लेखिकेच्या टोपणनावात कायमचे राहिले आहे.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, नोकरी करून घरास हातभार लावणाऱ्या, पण मनातील दुःख कोणापाशीही न बोलणाऱ्या तरुण मुलींच्या त्या कथा होत्या. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. कोणी स्तुती केली, कोणी निंदा केली. परंतु ही 'विभावरी शिरूरकर' कोण, हे वाचकांना उमगेना. विभावरी म्हणजे रात्र! त्या रात्रीच्या आड बाळूताई खरे ह्या शिक्षिका होत्या.

बाळूताईंचा जन्म १९०५ सालचा. महर्षी कर्वे ह्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे कन्याशाळेत त्या शिकवू लागल्या. स्त्रीने घरातील दुःख असे उघडपणे लिहावे, हे त्या काळच्या समाजास रुचणारे नव्हते. म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले. दूर ईजिप्त देशातही असेच घडले. नाईल नदीकाठच्या दमिएत्ता गावची आयेशा अब्द अल्-रहमान ही मुलगी वर्तमानपत्रांत लिहू लागली, तेव्हा वडिलांचा रोष होऊ नये म्हणून तिने 'बिन्त अल्-शाती', म्हणजे 'किनाऱ्याची कन्या', हे नाव धारण केले. पुढे ती विख्यात कथालेखिका व विदुषी झाली.

१९३६ साली बाळूताई शाळा सोडून सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये अधिकारी म्हणून गेल्या. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. अशा कुटुंबांना तेथे कुंपणाच्या आत ठेवीत. मूल पाळण्यात असतानाच त्याच्यावर चोराचा शिक्का बसे! त्या माणसांची सुखदुःखे बाईंनी जवळून पाहिली. त्या अनुभवातून १९५० साली 'बळी' ही कादंबरी जन्मास आली. पुढे दोनच वर्षांनी, १९५२ साली, स्वतंत्र भारताने तो कायदा रद्द केला.

१९३८ साली लेखक विश्राम बेडेकर ह्यांच्याशी विवाह होऊन बाळूताई मालतीबाई बेडेकर झाल्या. कालांतराने विभावरी कोण, हेही सर्वांस कळले. १९८१ साली मुंबईस भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. एके काळी नाव झाकून लिहिणारी लेखिका पंचाहत्तराव्या वर्षी भर सभेत व्यासपीठावर उभी होती. २००१ साली त्यांचे निधन झाले.

मालतीबाईंनी आपले नाव काही काळ लपविले; परंतु डोळ्यांनी पाहिलेले सत्य मात्र कधी लपविले नाही. म्हणूनच त्यांची पुस्तके आजही आदराने वाचली जातात.