पहिली नोकरी आणि थांबण्याची ऐपत

पदवीचा निकाल लागणे आणि पहिल्या नोकरीवर रुजू होणे या दोन घटनांच्या मधल्या काळाला मराठीत स्वतंत्र नाव नाही. ‘बेकारी’ हा शब्द त्यासाठी सर्रास वापरला जातो. परंतु तो नेमका नाही, कारण या काळात तरुण रिकामा बसलेला नसतो, तर तो रोज अर्ज करत असतो, परीक्षा देत असतो, रांगेत उभा असतो आणि या सगळ्यासाठी पदरचे पैसे मोजत असतो. मराठवाड्यात किंवा विदर्भात एखाद्या घरी मुलाची चौकशी केली, तर ‘पुण्याला असतो, बघतोय’ असे जे उत्तर मिळते, त्यातले ‘बघतोय’ हे क्रियापद सरकारी अहवालांतल्या कोणत्याही संज्ञेपेक्षा या अवस्थेचे अधिक अचूक वर्णन करते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधील बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते अवघे ३.४ टक्के होते. या आकड्यांवरून शिक्षण निरुपयोगी ठरले, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वस्तुतः निरक्षर तरुणाला बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल ते काम तो दुसऱ्या दिवशी धरतो आणि त्यामुळे बेकारांच्या गणनेतून बाहेर पडतो. पदवीधर मात्र पदवीला साजेशा कामाची वाट पाहतो, आणि त्याच्या घरच्यांनाही ते मान्य असते. ही वाट पाहण्याची ऐपत सर्व पदवीधरांकडे सारखी नसते, आणि मोठ्या शहरातील नोकरीच्या शोधात अनेकदा निर्णायक ठरते ती हीच गोष्ट.

अर्थशास्त्रात या प्रश्नाचा विचार तुलनेने उशिरा सुरू झाला. माल आणि गिऱ्हाईक एकाच बाजारात असले की सौदा आपोआप जमतो, असे पूर्वी गृहीत धरले जाई. जॉर्ज स्टिगलर यांनी १९६२ मध्ये श्रमाच्या बाजारातील माहितीवर लिहिलेल्या निबंधात दाखवले की कोणती जागा कोठे रिकामी आहे हे शोधून काढण्यालाच वेळ आणि पैसा लागतो, आणि म्हणून शोध हा स्वतःच एक खर्च असतो. पुढे याच दिशेने काम करणाऱ्या पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडीस यांना २०१० चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या विचारपरंपरेत ‘किमान स्वीकार्य वेतन’ अशी एक कल्पना आहे: ज्या पगाराच्या खाली उमेदवार नोकरी नाकारून शोध चालू ठेवणे पसंत करतो, ती रेषा. गाठीशी पैसे असतील तोवर ही रेषा वर राहते आणि पैसे आटू लागले की ती खाली सरकते. पुण्यात ती किती वेगाने सरकते, हे पाहण्यासाठी ग्रंथालयात जाण्यापेक्षा कर्वेनगर, नऱ्हे, वाकड किंवा हिंजवडी या भागांतील एखाद्या ‘कॉट बेसिस’च्या खोलीत डोकावणे अधिक उपयोगाचे ठरते.

‘कॉट बेसिस’ म्हणजे खोली नव्हे, तर खोलीतील एक लोखंडी खाट भाड्याने घेणे. दोन खोल्यांच्या सदनिकेत सहा-आठ खाटा असतात. खाटेखाली बॅग, उशाशी चार्जर, खिडकीच्या गजाला बांधलेल्या दोरीवर कपडे, आणि दारामागच्या खिळ्याला इस्त्री करून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला एक फिकट निळा शर्ट, जो मुलाखतीखेरीज अंगावर चढत नाही आणि ज्याची वेळप्रसंगी खोलीतल्या खोलीत देवाणघेवाणही होते. भाडे, दोन वेळची मेस, बस आणि मोबाईल यांचा मेळ घालता महिन्याला दहा-बारा हजार रुपयांच्या आत भागवणे कठीण असते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे मुलाला पुण्यात एक महिना ठेवण्यासाठी लातूरकडच्या शेतकऱ्याला हमीभावानेही सुमारे अडीच क्विंटल सोयाबीन विकावे लागे, आणि त्या हंगामात बाजारात प्रत्यक्ष मिळणारा भाव बहुधा हमीभावाच्या खालीच होता. ज्याच्या घरून एवढे पैसे सहा महिने येऊ शकतात, तो उमेदवार आणि ज्याच्या घरून दुसऱ्याच महिन्यात ‘काही जमलं का रे?’ असा फोन येतो, तो उमेदवार, हे दोघे एकाच वर्गात शिकले असले तरी शहरात एकाच स्पर्धेत नसतात. यात मुलींची स्थिती आणखी निराळी असते. त्यांच्या बाबतीत पैशांबरोबर मुदतही घरूनच ठरते, आणि स्थळे येऊ लागली की ती मुदत कोणालाही न विचारता आखडती घेतली जाते.

आता शोधाच्या प्रत्यक्ष पद्धतीकडे वळता येईल. महाविद्यालयात येऊन कंपन्यांनी केलेली निवड म्हणजे ‘कॅम्पस’. तेथे ज्याचे काम झाले नाही, किंवा ज्याच्या महाविद्यालयात कंपन्या फिरकतच नाहीत, त्याला ‘ऑफ-कॅम्पस’ मार्गाने, म्हणजे खुल्या बाजारातून, जावे लागते. नोकरीविषयक संकेतस्थळांवर एका जागेला हजारो अर्ज येतात. ते सर्व माणसाने वाचणे अशक्य असल्याने पहिली चाळणी संगणकप्रणाली लावते. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी ६० टक्के गुण, एकही विषय राहिलेला नसणे, उत्तीर्ण होण्याचे वर्ष चालू किंवा फार तर गेले, आणि शिक्षणात खंड नसणे, या नेहमीच्या अटी. यातली उत्तीर्ण वर्षाची अट सर्वांत क्रूर म्हणावी लागेल, कारण गुण एकदा मिळाले की ते कमी होत नाहीत, पण पदवी मात्र दर महिन्याला जुनी होत जाते. नवी तुकडी बाहेर पडली की मागच्या वर्षीचा उमेदवार ‘फ्रेशर’ही राहत नाही आणि अनुभवीही ठरत नाही. मधल्या काळात त्याने स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत दोन वर्षे काढली असतील, तर बायोडाटातील त्या रिकाम्या जागेला ‘गॅप’ म्हणतात, आणि मुलाखतीत तिचे स्पष्टीकरण मागितले जाते.

मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला ‘संकेत’ सिद्धान्त या चाळणीचा अर्थ उलगडतो. मालकाला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही, म्हणून तो पदवी, गुण, महाविद्यालयाचे नाव अशा बाहेरून दिसणाऱ्या खुणांवरून तिचा अंदाज बांधतो. खूण मिळवणे जितके अवघड, तितकी ती विश्वासार्ह. अडचण अशी की अभियांत्रिकीची पदवी सर्वत्र मिळू लागली तशी तिची खूण पुसट झाली, आणि तिच्या जोडीला नव्या खुणा विकणारी एक मोठी बाजारपेठ उभी राहिली. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असा फलक लावून जावा, टेस्टिंग किंवा डेटा अॅनालिटिक्स शिकवणारे वर्ग डेक्कनपासून कर्वेनगरपर्यंत जागोजागी दिसतात. त्यांतले काही खरोखर चांगले शिकवतात. परंतु ‘प्लेसमेंट’चा करारातील अर्थ पुष्कळदा मुलाखतीचे ‘कॉल’ मिळवून देणे एवढाच असतो, नोकरी देणे असा नसतो, आणि हा फरक शुल्क भरून झाल्यावर कळतो.

चाळणी टाळून आत जाण्याचा राजमार्ग म्हणजे ‘रेफरल’, अर्थात कंपनीतील कर्मचाऱ्याने उमेदवाराचे नाव आतून सुचवणे. महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये कामगार भरती करणारा जॉबर आपल्या गावचे, नात्यातले आणि जातीतले लोक आणत असे, नव्याने आलेला गडी गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकत असे आणि खानावळीत जेवत असे. रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहून कोणी गैरहजर असल्यास त्याच्या जागी ‘बदली’ म्हणून काम मिळण्याची वाट पाहत असे. जॉबर त्यासाठी दस्तुरी घेई, आणि १९३१ च्या शाही श्रम आयोगाच्या अहवालाने या लाचखोरीवर स्पष्ट टीका केली होती. आजचा रेफरल देणारा उमेदवाराकडून दस्तुरी घेत नाही, उलट त्याला कंपनीच बक्षीस देते. पण कोणाची ओळख कुठवर पोहोचते यावर कोणाला दार उघडते हे ठरण्याची मूळ रचना फारशी बदललेली नाही.

ओळखीच्या बाबतीत समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा निष्कर्ष विशेष लक्षणीय आहे. अमेरिकेतील बोस्टनच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळवलेल्यांना त्यांनी विचारले, की ज्याच्याकडून माहिती मिळाली त्याची भेट किती वेळा होत असे. नेहमी भेटणाऱ्याकडून ती मिळाल्याचे १६.७ टक्के लोकांनीच सांगितले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून ५५.६ टक्के, तर क्वचितच भेटणाऱ्यांकडून २७.८ टक्के लोकांना ती मिळाली होती. कारण साधे आहे: जवळच्या मित्राला जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते, तर दूरच्या परिचिताचा वावर वेगळ्या वर्तुळात असतो. या तर्काने पाहिले तर खोलीतील सात मित्रांपेक्षा तीन वर्षे पुढे असलेला, कॉलेजच्या मैदानावर दोनदा भेटलेला सीनिअर अधिक उपयोगाचा; आणि ज्या महाविद्यालयातून असे सीनिअरच शहरात पोहोचलेले नाहीत, तेथील विद्यार्थी हुशार असूनही एकटा पडतो.

मुलाखतीपर्यंत पोहोचताना आणि पोहोचल्यावरही पूर्वग्रहांची चाळणी राहतेच. मूळचे अमरावती जिल्ह्यातील अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे, परंतु वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवले होते. सवर्ण हिंदू आडनावांच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश आढळली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले, की गुणवत्तेवर ठाम श्रद्धा सांगणारे हे अधिकारी उमेदवाराला घराविषयी हमखास विचारतात. ‘फॅमिली बॅकग्राउंड सांगा’ या निरुपद्रवी वाटणाऱ्या प्रश्नाला वडील शेतमजूर असलेला उमेदवार अडखळतो आणि वडील अधिकारी असलेला खुलतो. मग त्या खुलण्यालाच ‘आत्मविश्वास’ असे नाव देऊन गुण दिले जातात.

निवड झाली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही, कारण कागद वाचण्याचे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. कंपनी प्रथम जे पत्र पाठवते ते अनेकदा केवळ इरादापत्र असते. त्यात रुजू होण्याची तारीख नसते, आणि मंदीच्या काळात ती तारीख महिनोन्महिने लांबते, तर खाटेचे भाडे मात्र चालूच राहते. दुसरी गोष्ट ‘सीटीसी’ची. हा कंपनीला होणारा एकूण वार्षिक खर्च असतो, हाती पडणारा पगार नव्हे. समजा तो ३ लाख ६० हजार, म्हणजे महिना ३०,००० रुपये आहे आणि मूळ वेतन १५,००० धरले आहे. त्यातून कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२०, कामगिरीवर अवलंबून असलेला दहा टक्के भाग ३,००० आणि विम्याचा हप्ता, समजा, ५०० आधीच वजा होतात. उरलेल्या २३,९८० मधून कर्मचाऱ्याच्या वाट्याचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की खात्यावर २१,९८० रुपये जमा होतात. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० रुपये असतो, म्हणून त्या महिन्यात आणखी शंभर कमी. गावात मात्र तोवर ‘तीस हजारांची नोकरी’ म्हणून पेढे वाटून झालेले असतात.

तिसरा कागद ‘बाँड’चा, म्हणजे ठरावीक काळापूर्वी नोकरी सोडल्यास भरपाई देण्याच्या कराराचा. असे करार कायद्याने मुळातच रद्द ठरतात, हा समज बरोबर नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची अट आणि दोन लाख रुपयांची भरपाई वैध ठरवली. तरीही भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवी असावी लागते, आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याची काही ठिकाणची प्रथा ही वाजवीपणाच्या पलीकडची जबरदस्ती आहे. उघड फसवणुकीची खूण याहून सोपी आहे: जी ‘कन्सल्टन्सी’ नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या अनामतीच्या नावाखाली उमेदवाराकडेच पैसे मागते, तिच्याकडे विकायला बहुधा नोकरी नसते. फसणारे भोळे असतात असे मानणे सोपे आहे. प्रत्यक्षात फसवणूक गाठते ती पाचव्या-सहाव्या महिन्यात, जेव्हा घरी सांगायला काहीतरी हवे असते.

थांबण्याचा हा खर्च कमी करण्याचे सरकारी उपाय आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार पदवीधरालाही विद्यावेतनासह उमेदवारी करता येते, आणि राज्याने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये देऊ केले. पुण्याच्या खर्चाशी ताडून पाहता ही रक्कम खाट आणि मेस यांत संपते. तरी घरचा फोन चार-सहा महिने लांबतो, आणि बायोडाटातील रिकाम्या जागेत एक ओळ लिहिता येते, हे कमी नाही.

ज्याचे काम होते, तो पहिल्या किंवा दुसऱ्या पगारानंतर सहसा ऑफिसजवळ दोघांत मिळून एक खोली घेतो. रिकामी झालेली त्याची खाट क्वचितच जाहिरातीतून भरली जाते. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळ पडते, आठवड्याच्या आत कोणीतरी बॅग घेऊन येतो, आणि येताना जुन्या भाडेकरूचा नंबर ‘दादा’ या नावाने मोबाईलमध्ये साठवून आणतो.