भोर-वेल्ह्याच्या घराला कुठली रेसिप्रोकेटिंग सॉ?

पावसाळ्यात फांदी पडली की वीज आधी जाते, म्हणून आमच्या भागात वायरवाली नको, 18 व्होल्टची बॅटरीवालीच घ्या. जमलं तर जास्तीची बॅटरी. स्ट्रोक 28 मिमीच्या आसपास आणि वेग ट्रिगरवर कमी-जास्त होणारा हवा.

खरा खेळ पात्याचा. ओल्या फांदीला इंचाला 5-6 मोठे दात. बारीक दातांत भुसा अडकून पातं तापतं. जुन्या वाशात खिळे असतातच, तिथे बाय-मेटल. लोखंडी पाइपला 18 दात. पुढची पट्टी लाकडाला घट्ट टेकवा, नाहीतर मशीन हात झिंजाडते. चष्मा हवाच.

आणि हो, हिरडा, आंबा, जांभूळ, साग ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. अख्खं झाड पाडायचं तर आधी परवानगी घ्या.