ईदचा नवा जोडा

रमजानचे पंधरा रोजे उलटले की बऱ्याच शिंप्यांच्या दुकानांत ‘ईदचे कपडे घेणे बंद’ अशी पाटी लागते. तरीही माणसे आत शिरून अजिजी करतात, आणि तीही बहुधा मुलांच्या कपड्यांसाठी. मोठ्यांना एखाद्या वर्षी धुतलेला सदरा-पायजमा चालतो. मुलाच्या अंगावर मात्र नवा जोडा हवाच. मग उसनवारी का होईना.

अशा हट्टी बापांपैकी अनेकांचे मन अजून लहानपणीच्या ईदगाहावर अडकलेले असते. थोरल्या भावाचा आखूड केलेला कुर्ता घालून ते गेले होते आणि कोणीतरी ती उसवून घातलेली शिवण ओळखली होती. शिवाय ईदी देताना घरोघरची वडील मंडळी आधी बोलतात ते कपड्यांबद्दलच. दिवाळीतही काही वेगळे नसते. आपल्याकडे आधी कपड्याचे स्वागत होते आणि मग आपले, हे पोर पाचव्या-सहाव्या वर्षीच शिकते. पुढे चाळिशीत तेच पोर लग्नाला निघताना तीनदा आरशासमोर उभे राहते.

प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधला हामिद पायांत जोडे नसताना, जुनी टोपी घालून जत्रेला जातो आणि जवळच्या तीन पैशांत आजीसाठी चिमटा घेतो. तो चिमटा सर्वांच्या लक्षात राहिला. मोठेपणी हामिदने स्वतःच्या मुलाला किती जोड घेतले असते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रासमोर आहे. साताऱ्याच्या शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. पुढे त्यांनी सुटाबुटाचा पोशाख आयुष्यभर सोडला नाही. ही हौस म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हे. 1927 च्या डिसेंबरात महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले, की जात ओळखू येईल असे लुगडे नेसणे आणि तसले दागिने घालणे सोडा, स्वच्छ राहा. कपडा माणसाला त्याची पायरी शिकवतो, हे त्यांनी बालपणीच सोसले होते. उलट दिवाणाच्या घरात जन्मलेले गांधीजी विलायतेत असताना उंची पोशाखाच्या नादी लागले आणि 1921 मध्ये मदुराईला त्यांनी पंचा स्वीकारला. ज्याला मिळाले होते त्याला टाकता आले. ज्याला नाकारले गेले त्याला साधेपणाचा उपदेश करण्याचा अधिकार इतरांना नाही.

इस्लामने या बाबतीत नीटनेटकेपणा आणि घमेंड यांत फरक केला आहे. सूरह अल-आराफमध्ये नमाजला जाताना चांगला पोशाख करण्याची आज्ञा आहे आणि त्याच सूरहमध्ये तकव्याचा, म्हणजे ईशभीरूतेचा पोशाख सर्वांत उत्तम म्हटला आहे. कपडे आणि पादत्राणे चांगली असावीत असे माणसाला वाटते, हा गर्व का, असे एकाने पैगंबरांना (स.) विचारले होते. गर्व म्हणजे सत्य झिडकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे, असे त्यांनी समजावले. हजच्या वेळी पुरुष दोन न शिवलेल्या पांढऱ्या वस्त्रांत असतात. मग कारखानदार कोण आणि हमाल कोण, हे कपड्यांवरून सांगता येत नाही.

पण ईदगाहावर ते सांगता येते. काही ठिकाणी जकातीतून एकाच गठ्ठ्यातले, एकाच रंगाचे स्वस्त कपडे वाटतात. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मात्र तो रंग अंगावर आला की मोहल्ल्यातली पोरे लगेच ओळखतात. जी सल पुसायची, तीच नव्याने टोचली जाते. वाटपाचे फोटो काढणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

खरे तर हनफी फिकहनुसार ‘ही जकात आहे’ असे घेणाऱ्याला सांगण्याची गरजच नाही. देताना मनात नियत असली की पुरे. ईदी म्हणून हातात ठेवली तरी जकात अदा होते. ही रोख रक्कम आईच्या हाती चार दिवस आधी पोहोचली, तर मुलगा बाजारात स्वतः जाऊन आपल्या आवडीचा रंग निवडू शकतो. शेवटचे दहा रोजे त्यासाठी पुरेसे आहेत, आणि चाँदरातीला तर दुकाने उशिरापर्यंत उघडीच असतात.