जबडा कापायचा की नाही, हे गाठ ठरवते

पाण्याच्या भांड्यात रक्ताची लालसर रेघ दिसते, तोंडाला उग्र वास येऊ लागतो, घास एकाच बाजूने चावला जातो. घरच्यांना वाटते, वय झाले, दात किडले असतील. कुत्र्याच्या तोंडातला कर्करोग बऱ्याचदा असाच उशिरा सापडतो. कुत्रे वेदना सहसा दाखवत नाही, शेवटपर्यंत जेवते आणि ओठ उचलून आत रोज कोण पाहतो?

निदान झाले की पहिला प्रश्न येतो, ‘किती दिवस?’ त्याआधी विचारायला हवे, ‘गाठ कोणती?’ हे बायोप्सीशिवाय कळत नाही. मेलानोमाची गाठ काळीच असते असे नाही, ती गुलाबीही असते. शिवाय गळ्याजवळच्या लसिकाग्रंथी सुजलेल्या नसल्या, तरी त्यांत कर्करोगाच्या पेशी असू शकतात. म्हणून त्यांची सुईने तपासणी, छातीचा एक्स-रे आणि शक्य असेल तर सीटी स्कॅन केला जातो.

हिरडीवरचा अमेलोब्लास्टोमा हाड पोखरतो, पण शरीरात पसरत नाही. पूर्ण काढला की कुत्रा बहुधा बरा होतो. हिरडीवरचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमाही सहसा सावकाश पसरतो, टॉन्सिलवरचा मात्र झपाट्याने. फायब्रोसार्कोमा पुन्हा त्याच जागी उगवतो. सर्वांत वाईट मेलानोमा: तो लवकर लसिकाग्रंथींत आणि फुप्फुसांत जातो.

गाठ पूर्ण काढायची तर भोवतीचे निरोगी ऊतक आणि जबड्याचा भागही काढावा लागतो. इथेच अनेक मालक माघार घेतात. पण आरशात पाहून खंतावणे हा माणसाचा स्वभाव, कुत्र्याचा नव्हे. बहुतेक कुत्री काही दिवसांत मऊ अन्न खाऊ लागतात. जीभ बाहेर लोंबते, लाळ गळते, चेहरा थोडा बदलतो, इतकेच. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान मेलानोमा वेळीच काढला, तर अनेक कुत्री वर्षभर किंवा त्याहून जास्त जगतात.

शस्त्रक्रिया शक्य नसेल तिथे रेडिओथेरपीने गाठ आक्रसते. मात्र भारतात प्राण्यांसाठी ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे. मेलानोमावर केमोथेरपीचा उपयोग कमीच होतो. अमेरिकेत २००७ मध्ये त्यावरच्या डीएनए लसीला सशर्त आणि २०१० मध्ये पूर्ण परवाना मिळाला. ही लस रोग टाळण्यासाठी नाही, झालेल्या रोगावर दिली जाते. तिचा फायदा किती, यावर नंतरच्या अभ्यासांत एकमत नाही.

काहीच करणे शक्य नसेल तेव्हा वेदनाशमन हाच उपचार असतो आणि तोही पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच. घरातली आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याला विषारी ठरते. कुत्रे भांड्याजवळ येते, हुंगते आणि न खाताच परत फिरते, असे रोज घडू लागले की दयामरणाबद्दल डॉक्टरांशी बोलायची वेळ आलेली असते.